सर्व्हर डाऊन? आधी लाईट बघा! नांदेड-लातूरच्या तारांचा इतिहास

(हा एपिसोड ज्यांना कानाने ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी लेखी. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज ज्या वाक्याचा इतिहास बघायचाय ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. बँकेत, तहसीलमध्ये, रेशन दुकानात, कॉलेजच्या ऑफिसात. काउंटरच्या पलीकडचा माणूस मान वर न करता म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर चालू ठेवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात लगेच प्रश्न येतो, डाऊन म्हणजे नक्की काय डाऊन? मुंबई-पुण्यातलं ते मोठं मशीन? मधली फायबर? की या ऑफिसच्या टेबलाखाली जो लाल दिव्याचा डबा आहे, तो?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर लोकांचं बरंच काही अवलंबून असतं. जुलै २०१७ आठवा. पीक विमा भरायची शेवटची तारीख ३१ जुलै. मराठवाड्यात बँका आणि सेवा केंद्रांसमोर रांगा, वेबसाइट हळू, कुठे बंद. शेवटी मुदत ५ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. त्याच वर्षी कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज आले. त्याची मुदत १५ सप्टेंबरची २२ सप्टेंबर झाली. त्या रांगेतल्या माणसाला सगळीकडे एकच उत्तर मिळत होतं, "सर्व्हर डाऊन." पण एका गावात खरंच वरचं मशीन गर्दीने दमलेलं होतं, तर दुसऱ्या गावात लाईट नसू शकते, तिसऱ्या गावात रस्त्याच्या कामात तार तुटलेली असू शकते. तिघांचा इलाज वेगळा, पण नाव एकच. आणि नाव एकच असलं की इलाज कुणीच शोधत नाही.

तर आजचा विषय हा आहे. आपल्या नांदेड-लातूरकडे तार आणि लाईट यांचं नातं कसं घडत गेलं, आणि इथल्या मेकॅनिक लोकांनी दोष शोधायची जी रीत बनवली ती कुठून आली.

रेल्वेची तार आणि काचेच्या बरण्या

सुरुवात शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊन करू. तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १९०० च्या सुमारास मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज लाइन झाली. लातूरची गोष्ट वेगळी. तिकडे कुर्डुवाडी-बार्शीकडून आलेली नॅरोगेज, बार्शी लाइट रेल्वे, १९११ मध्ये लातूरला पोचली. म्हणजे नांदेडचे रूळ एका मापाचे, लातूरचे दुसऱ्या मापाचे. लातूरचा माल कुर्डुवाडीला उतरवून परत मोठ्या गाडीत भरावा लागायचा. नेटवर्कवाल्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल. दोन्ही बाजू ठणठणीत, पण जोड जिथे आहे तिथेच खोळंबा. लातूरची लाइन ब्रॉडगेज व्हायला २००७-०८ उजाडलं.

रुळांसोबत तारेचे खांब आले. आणि तारेसाठी वीज कुठून आणायची? गावात तर लाईटच नव्हती. त्या काळी तारयंत्रं बॅटरीवर चालायची. काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी आणि कार्बन. असे सेल ओळीने जोडायचे. तार जात नसेल तर आधी बरण्या बघायच्या. पाणी आटलंय का, जस्त झिजलंय का, जोड गंजलाय का. त्यानंतर बाहेरची लाइन.

आधी वीज, मग जोड, मग लाइन. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढची शंभर वर्षं तोच चालणार आहे.

लाईट गेली तरी फोन चालू

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या ताब्यातून मोकळा झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आलं. पण तारा पोचायला वेळ लागला. १९८४ मध्ये दांडेकर समितीने जो 'अनुशेष' मोजला, त्यात रस्ते आणि पाटबंधाऱ्यांसोबत वीजही होती. मागे राहणं आकड्यांत मांडलं गेलं ते तेव्हा.

त्याच १९८४ मध्ये दिल्लीत सी-डॉट ही सरकारी संस्था सुरू झाली. सॅम पित्रोदांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्यासमोरचा प्रश्न असा होता की परदेशी टेलिफोन एक्स्चेंजला एसी लागतो, स्वच्छ खोली लागते, पक्की लाईट लागते. आपल्या तालुक्याला यातलं काहीच नाही. मग त्यांनी खेड्यांसाठी १२८ पोर्टचं छोटं एक्स्चेंज बनवलं, रॅक्स नावाचं. एसी नाही. आतली गरम हवा आपोआप वर निघून जाईल अशी रचना. १९८६ मध्ये पहिलं रॅक्स कर्नाटकात कित्तूरला बसलं, आणि पुढे देशभरच्या खेड्यांत हेच डबे गेले.

आता यातली मजा बघा. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतं. लाईट असली की बॅटऱ्या चार्ज होतात, गेली की तेच काम पुढे चालू. आणि तुमच्या घरातल्या लँडलाइनला जी वीज लागते ती त्याच तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजहून येते. म्हणून घरात अंधार असला तरी फोनची रिंग वाजायची. आई-बाबांना विचारा, त्यांना हे आठवेल. ज्यांनी हे बनवलं त्यांनी धरूनच चाललं होतं की लाईट जाणार.

कॉम्प्युटरच्या बाबतीत साधारण त्याच काळात निकनेट आलं. एनआयसीने जिल्ह्याच्या ठिकाणी छोट्या डिश अँटेना लावून कलेक्टर कचेऱ्या उपग्रहाने जोडायला सुरुवात केली. सुरुवातीचा वेग सेकंदाला १२०० बिट. आज तुम्ही जो ३ एमबीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकता, तो त्या वेगाने पाठवायला साडेपाच तास लागले असते. तरी त्या वेळी ती मोठी गोष्ट होती, कारण मधल्या खांबांवर आणि तारांवर अवलंबून राहावं लागत नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं

किल्लारी. लातूर-उस्मानाबादच्या लोकांना या तारखेबद्दल वेगळं सांगायला नको. गणपती विसर्जनाची रात्र उलटून लोक झोपले होते. ६.२ तीव्रतेचा भूकंप. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ती घरं माणसांवरच कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली.

आपल्या विषयाच्या नजरेतून बघितलं तर त्या पहाटे दोन गोष्टी दिसतात.

पहिली, बातमी कशी पोचली. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांनी नंतर बऱ्याचदा सांगितलंय की मुंबईत खिडक्या हादरल्यावर त्यांनी कोयनेला फोन लावला, आणि भूकंपाचं केंद्र लातूरकडे असल्याचं तिथून कळलं. म्हणजे जिथे घाव बसला तिथून नाही, तर शेकडो किलोमीटर दूरच्या भूकंपमापकाकडून कळलं. नेटवर्कमध्ये आपण याला मॉनिटरिंग म्हणतो. जे मशीन मेलंय ते स्वतः सांगू शकत नाही की मी मेलोय. ते सांगायला बाहेरचं कुणीतरी लागतं.

दुसरी, खांबच आडवे झाल्यावर काय करायचं. घरं पडली तशा तारा पडल्या. वीज आणि फोन एकदमच कोलमडले. मदतीला सैन्य आलं, पाठोपाठ पाऊसही आला. या गोंधळात संपर्काचं काम ज्यांनी उचललं त्यांत हॅम रेडिओवाले होते. हौशी लोक, परवाना काढून घरी रेडिओ संच ठेवणारे. त्यांचा संच साधारण १२ व्होल्टवर चालतो, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर. अँटेना म्हणजे खांबाला किंवा झाडाला बांधलेली तार. एक्स्चेंज नको, लाईट नको, मधलं काहीच नको. देशातल्या हॅम रेडिओच्या इतिहासात लातूरचं नाव त्यामुळे कायमचं नोंदलं गेलं. पुढे २००१ च्या गुजरात भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीतही हेच लोक धावले.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावं नव्या जागी वसवली. घरांबद्दल आपण खूप बोलतो, पण त्याच कार्यक्रमातून राज्याची आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा उभी राहिली, नियंत्रण कक्ष आले, जिल्हे आणि मंत्रालय जोडायला उपग्रहाची आणि वायरलेसची सोय झाली. आज पूर आला की कलेक्टर ऑफिसातून मंत्रालयाशी बोलणं होतं, त्यामागे लातूरची ती पहाट आहे.

लोडशेडिंगचं दशक

आता आपल्या बालपणात येऊ. २००५ ते २०१२. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या. वीज कमी होती. दाभोळचा एनरॉनचा प्रकल्प मे २००१ मध्येच बंद पडला होता, मागणी मात्र वाढत होती. मग भारनियमन. त्यात एक नियम असा की ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथे लाईट जास्त वेळ जाणार. ए, बी, सी, डी करत गट पाडले होते. मराठवाड्याचे बरेच फीडर खालच्या गटांत. ग्रामीण भागात दिवसाला १२ तासांच्या आसपास लाईट नाही, असे दिवस आम्ही बघितलेत. 'आज कोणतं टायमिंग आहे' हा तेव्हा हवामानाइतकाच रोजचा प्रश्न होता.

आणि नेमक्या याच काळात सगळं ऑनलाइन व्हायला लागलं. ॲडमिशनचे फॉर्म, सीईटीचे निकाल, कॉलेजचे पसंतीक्रम. लातूर पॅटर्नच्या जोरावर जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं लातूरला शिकायला येत होती, नांदेडलाही क्लासेसचं वारं होतं. त्यामुळे नेट कॅफेवाला हा फार महत्त्वाचा माणूस झाला. पोराचं मेडिकलचं ॲडमिशन त्याच्या इन्व्हर्टरवर अवलंबून.

त्याचं गणित करून बघू. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-अवर. दोन बॅटऱ्या ३,६००. जुन्या जाड मॉनिटरचे ५ कॉम्प्युटर म्हणजे साधारण १,००० वॉट. कागदावर साडेतीन तास, प्रत्यक्षात अडीच मिळाले तरी खूप. आता ती बॅटरी परत भरायला? १५ अँपिअरने भरली तरी १० तासांच्या वर. पण लाईट तर ४-४ तासांच्या तुकड्यांत येतेय! म्हणजे बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती वेळेआधीच मरते. दुकानदार म्हणायचा, "कंपनीने खराब बॅटरी दिली." बॅटरी चांगलीच होती, तिला जेवायला पुरेसा वेळ मिळत नव्हता.

दुसरी भानगड. घरगुती इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर लावला की लाईट जाताना तो रिस्टार्ट व्हायचा. का? कॉम्प्युटरच्या आत जो पॉवर सप्लाय असतो, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, तो वीज तुटल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद श्वास रोखून धरू शकतो. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. यूपीएस ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, म्हणून कॉम्प्युटरला पत्ता लागत नाही. साध्या इन्व्हर्टरला याहून जास्त वेळ लागतो. पंखा-बल्बला फरक पडत नाही, कॉम्प्युटर मात्र मान टाकतो. इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस मोड'चं एक छोटं बटण असतं ना, ते याच्यासाठी.

तिसरी, आणि ही तर खास आपल्याकडची. लाईट *जाताना* जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त *येताना* होतं. शेतकरी विहिरीच्या मोटरला ऑटोस्विच लावतो. बरोबरच आहे, रात्री दोनला थ्री फेज येणार तर कोण जाणार विहिरीवर? पण लाईट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. व्होल्टेज धपकन पडतं, मग सावरतं, कधी डीपीच जळतो. आणि डीपीचा न्यूट्रल तुटला तर विचारूच नका. २३० च्या जागी घरात ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. बल्ब फुटतात, टीव्ही जातात, एसएमपीएस धूर काढतो. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा.

म्हणून इथल्या मेकॅनिक लोकांनी स्वतःचा नियम केला. लाईट आली की पाच-दहा मिनिटं थांबायचं, बल्ब स्थिर झाला की मग मशीन चालू करायचं. कुठल्या मॅन्युअलमध्ये नसलेला हा नियम या जमिनीने शिकवलाय.

आणखी एक नोंद. ३०-३१ जुलै २०१२ ला अर्धा भारत अंधारात गेला तेव्हा महाराष्ट्र चालू होता, कारण आपला पश्चिमेचा ग्रिड सावरला. त्याच डिसेंबरात राज्य भारनियमनमुक्त झाल्याची घोषणा झाली, पण जास्त गळतीचे फीडर सोडून. मग फेब्रुवारी २०१३ मध्ये शेजारचं परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, पाणी नव्हतं. पाणी, वीज आणि तार, आपल्याकडे या तिघांना वेगळं करताच येत नाही. पुढची गोष्ट त्याचीच.

तहानलेली अर्थिंग

२०१६ मध्ये लातूर शहर कोरडं पडलं. मांजरा धरण आटलं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वॅगन, सुमारे ५ लाख लिटर पाणी. नंतर ५० वॅगनची गाडी सुरू झाली. हे सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. पण त्या पाण्याचा कॉम्प्युटरशी काय संबंध?

संबंध अर्थिंगचा आहे. इमारतीबाहेर खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ घालून तांब्याची किंवा जीआयची प्लेट पुरतात. मशीनमधला गळका करंट त्या वाटेने जमिनीत जातो. पण कोरडी माती वीज वाहून नेत नाही, ओली माती नेते. आपली काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते. भेग पडली की प्लेट आणि माती यांच्यात हवा. अर्थिंग कागदावर आहे, खड्ड्यात नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात, तेही दुष्काळाचंच वर्ष, लातूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी बघायला गेलो होतो. तक्रार अशी की दुपारी नेटवर्क तुटतं, मधूनच सर्व्हर रिस्टार्ट होतो, सकाळी सगळं ठीक. त्याआधी नेटवर्क कार्ड बदलून झालं होतं, स्विच बदलून झाला होता, केबलही नवी होती. खर्च झाला, फरक शून्य. बाहेर पेन्शनची म्हातारी माणसं बसलेली, कुणी सकाळी आठपासून. त्यांनाही तेच वाक्य सांगितलेलं.

लॉग बघितला. सॉफ्टवेअर मेल्याची कुठलीच खूण नाही, मशीन झटक्यात बंद झालेलं. म्हणजे वीज. सर्व्हरच्या पत्र्याला हात लावला तर मुंग्या आल्या. ही महत्त्वाची खूण आहे. अर्थिंग तुटलेलं असेल तर एसएमपीएसमधल्या छोट्या कपॅसिटरमुळे पत्र्यावर जवळजवळ ११० व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी कमी, पण बोटाला कळतं आणि नेटवर्कच्या पोर्टलाही कळतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर धरला. २-३ व्होल्टच्या आत पाहिजे, २० च्या वर होते.

तिथे साठी ओलांडलेले एक वायरमन होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते मला मागच्या बाजूला घेऊन गेले, खड्ड्यावरची फरशी उचलली आणि म्हणाले, "बाळा, ह्या मशीनला ताप नाही, तहान लागलीय."

खड्डा भेगाळलेला होता. पण पाणी कुठून आणायचं? टँकरचं पाणी मोजून मिळत होतं. मामांनी हात धुवायच्या बेसिनचा पाइप काढून त्या खड्ड्याकडे वळवला. वापरलेलं पाणी, आपोआप, रोज. दोन बादल्या मीठ-पाणी पहिल्या दिवशी, बाकी बेसिनचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मीटरवर ३ व्होल्ट. सर्व्हर सुरू राहिला, काउंटर सुरू राहिलं.

मला यात जे कळलं ते असं. बदललेला प्रत्येक भाग नवा होता आणि चांगला होता. पण ज्या मूळ गोष्टीवर सगळं उभं होतं ती कुणी मोजलीच नव्हती, कारण ती टेबलावर नव्हती, अंगणात होती.

फायबर आली, मग आता काय अडचण?

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा प्रकल्प मंजूर केला, पुढे त्याचं नाव भारतनेट झालं. यात वापरलेलं जीपॉन तंत्र आपल्यासाठी डोकं लावून निवडलेलं आहे. मधल्या जोडावर, म्हणजे जिथे एका फायबरच्या अनेक फांद्या होतात तिथे, वीज लागतच नाही. काचेतून प्रकाश आपोआप वाटला जातो. रॅक्सच्या वेळचाच विचार, लाईट नसणार हे धरून चाला.

पण दोन टोकांना वीज लागतेच. ग्रामपंचायतीतला डबा बंद असेल तर दारापर्यंत आलेली फायबर म्हणजे नुसती काचेची दोरी. जुन्या लँडलाइनसारखी वीज ती सोबत आणत नाही. त्यात रस्त्याच्या कामातला जेसीबी आहेच. आणि रोहिणी-मृगाच्या विजा. फायबरमधून वीज येत नाही हे खरं, पण दोन इमारतींमध्ये बाहेरून टाकलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून येते, आणि एका कडकडाटात स्विचचे सगळे पोर्ट घेऊन जाते. मे-जूनमध्ये आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत जळक्या पोर्टांचा ढीग उगीच नसतो.

तर मग बघायचं कसं?

हा सगळा इतिहास आजच्या कामाचा व्हावा म्हणून क्रम सांगतो. सेवा केंद्र चालवत असाल, कॉलेजची लॅब सांभाळत असाल, किंवा घरच्या राउटरलाच वैतागला असाल, तरी क्रम हाच.

एक, वीज. सगळीकडे लाईट आहे का, की एकच फेज गेलाय? यूपीएस लाईटवर आहे की बॅटरीवर? बॅटरी शेवटची पूर्ण कधी भरली?

दोन, अर्थिंग. पत्र्याला मुंग्या येतात का? येत असतील तर पुढे काही करू नका, वायरमनला बोलवा.

तीन, तार. केबल ज्या पोर्टला आहे तिथला दिवा लागतो का? नसेल तर केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर ठीक झालं तरी कशाने झालं ते कळणार नाही.

चार, जवळचं आणि लांबचं वेगळं करा. आधी आपल्याच राउटरला पिंग. तो बोलला तर बाहेरच्या एखाद्या मोठ्या साइटला. तीही उघडते आणि फक्त सरकारी पोर्टलच उघडत नाही, तर आणि तरच म्हणा, "सर्व्हर डाऊन."

पाच, लिहून ठेवा. तारीख, वेळ, काय दिसलं. दोनशे पानी वही पुरे. 'रोज दुपारी २ ला' हे एकट्याच्या लक्षात येत नाही, वहीच्या लक्षात येतं. आणि मुदत चुकलेल्या माणसाला उद्या तक्रार करायची असेल तर त्याच्या हातात ती नोंद असेल.

मला वाटतं या पाचव्या गोष्टीत सगळ्यात जास्त ताकद आहे. "सर्व्हर डाऊन" म्हटलं की दोष कुणाचाच राहत नाही, तो आभाळात जातो. "११ ते ४ लाईट नव्हती, यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, तीनदा कळवलंय" असं म्हटलं की दोषाला पत्ता मिळतो. १९८४ मध्ये अनुशेष मोजल्यावरच त्यावर बोलता आलं. छोट्या प्रमाणावर आपणही तेच करू शकतो.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला "सर्व्हर डाऊन" म्हटलं तर भांडू नका. शांतपणे विचारा, "काका, राउटरचे दिवे लागलेत का?" अर्ध्या वेळा ते वाकून बघतील. आणि घरी मोठ्यांना विचारून मला व्हॉइस नोट पाठवा, तुमच्या गावात पहिला फोन कुठे आला होता आणि लाईट गेल्यावर तो चालायचा का. चांगल्या आठवणी आल्या तर त्यांचाच एक एपिसोड करू.

तोवर, यूपीएसची बॅटरी तपासा, मार्च संपायच्या आत अर्थिंगला पाणी घाला. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.